थिजल्या घोळाची बखर

इसवी सन १४७७ मध्ये, चौथ्या एडवर्डच्या अमदानीत, इंग्लंडच्या पार्लमेंटाने घरांवर घालावयाच्या कौलांसंबंधी एक कायदा केला. साध्या कौलाची लांबी साडेदहा इंच, रुंदी सव्वासहा इंच आणि जाडी पाच अष्टमांश इंच असावी, मातीतील खडे आणि चुनखडीच्या शिरा निवडून काढाव्यात, माल पाहण्यासाठी तपासनीस नेमावेत, आणि या हुकमाविरुद्ध विकलेल्या साध्या कौलांवर दर हजारी पाच शिलिंग दंड वसूल करावा, अशी त्यातील कलमे कोणत्याही दक्ष राज्यकारभाराला शोभतील अशीच आहेत. परंतु त्याच कायद्यात एक कलम असे आहे की ते वाचताना आपल्याकडचा वाचक क्षणभर थबकावा. कौलांची माती १ नोव्हेंबरच्या आत खणून बाहेर टाकावी, १ फेब्रुवारीच्या आत ती उलथीपालथी करावी, आणि १ मार्च उजाडण्यापूर्वी तिची कौले पाडू नयेत. घरात हात-पाय असलेली माणसे, शेजारी ओढा आणि खाणीत माती असे सारे साहित्य सिद्ध असताना चार महिने स्वस्थ बसण्याची सक्ती सरकारने का करावी?

या मुदतीच्या पोटात इंग्लंडचा हिवाळा येतो, हे त्याचे उत्तर आहे. शरद ऋतूत खणलेल्या मातीचे ढीग उघड्यावर पडून राहत. रात्री त्यांतले पाणी गोठे, दुपारी सुटे, पुन्हा गोठे. आणि फेब्रुवारीअखेर ज्या ढेकळावर पहार आपटली असती ते ढेकूळ बोटांच्या चिमटीत भुगा होई. थंडी ऐन भरात असताना असे एखादे ढेकूळ फोडून पाहिले तर आत एकावर एक समांतर पापुद्रे सुटलेले दिसत आणि दोन पापुद्र्यांच्या मध्ये स्वच्छ, पारदर्शक बर्फाचा एक पातळ थर आढळे. मातीचा कण त्या बर्फात औषधालाही सापडत नसे. ही शेवटची गोष्ट वीटभट्टीवरच्या मजुराने शेकडो वेळा पाहिली असेल, परंतु तिचे नवल वाटण्याचे त्याला कारण नव्हते. त्याच्या दृष्टीने माती मऊ झाली, काम भागले.

आपल्याकडील कुंभाराला हे आयते साहाय्य मिळणे शक्यच नव्हते. महाबळेश्वरी वेण्णा तलावाच्या काठी एखाद्या पहाटे दव गोठते, त्याची वर्तमानपत्रे बातमी करतात, आणि नऊ वाजता ते नाहीसे होते. जवळजवळ एवढीच महाराष्ट्रातली हिमाची हजेरी. म्हणून आमच्या बलुतेदाराने उन्हाचा, पाण्याचा आणि स्वतःच्या पायांचा आश्रय केला: तळ्यातला गाळ वाळवावा, कुटावा, चाळावा, भिजत घालावा आणि तुडवून तुडवून लोण्यासारखा करावा. मात्र याच्या जोडीला त्याने एक विद्या फार प्राचीन काळापासून आत्मसात केली होती, आणि ती म्हणजे मातीत परकी द्रव्ये योग्य प्रमाणात मिसळण्याची. घोड्याची लीद, चुलीतली राख, भाताचे तूस हे जिन्नस तो मापाने नव्हे, हाताच्या अंदाजाने घाली. वाळताना भांडे तडकू नये हा त्याचा एक उपयोग. आणि आव्यात भाजताना लीद व तूस जळून गेल्यावर मागे जी अतिसूक्ष्म छिद्रे उरतात, त्यांतून पाणी झिरपून माठ गार राहतो हा दुसरा. वस्तू घडवण्यासाठी आत एक पाहुणा घालावयाचा, आणि काम होताच त्याला जाळून रिकामी जागा तेवढी राखून घ्यावयाची, ही युक्ती ध्यानात ठेवावी. पुढे युरोप, अमेरिका आणि जपान येथील प्रयोगशाळांनी हिमाच्या साहाय्याने जे साधले ते तत्त्वतः याहून फार वेगळे नाही.

हिमाने माती का फुटते, याचा उलगडा मात्र फार उशिरा झाला. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्क्यांनी फुगते, म्हणून ते मातीला आतून फोडते, असे उत्तर शाळेतला मुलगाही देईल, आणि दीर्घकाळ विद्वानही तेच देत आले. अमेरिकेतील साउथ कॅरोलिना विद्यापीठात भूशास्त्राचे अध्यापन करणारे स्टीफन टेबर यांनी १९२९ आणि १९३० साली जे प्रबंध प्रसिद्ध केले, त्यांनी हे उत्तर कायमचे निकालात काढले. त्यांची युक्ती इतकी सरळ आहे की ती पूर्वी कोणाला सुचली नाही याचेच आश्चर्य वाटावे. पाण्याऐवजी त्यांनी मातीत बेन्झीन भरले. बेन्झीन गोठताना फुगत नाही, उलट आकसते. तरीही माती वर उचलली गेली. तेव्हा फुगण्याचा या मामल्याशी मुख्य संबंध नाही, हे उघड झाले. खरा प्रकार असा की गोठणाऱ्या थराकडे खालच्या न गोठलेल्या मातीतून द्रव शोषला जातो, तो येऊन थराला मिळतो, थर जाड होत जातो आणि आपल्या डोक्यावरचा भार उचलून धरतो. अशा थरांनाच पुढे बर्फाची भिंगे म्हणू लागले. स्वीडनमध्ये गुन्नार बेस्कोव यांनी १९३५ साली रस्त्यांच्या खालच्या हिमाविषयी जो ग्रंथ लिहिला त्यात हीच मीमांसा अधिक विस्ताराने आली आहे. वाळूत ही भिंगे सहसा होत नाहीत, बारीक मातीत होतात. कौलांची माती बारीक, म्हणूनच एडवर्डच्या कायद्याला हिवाळ्यावर भिस्त ठेवता आली.

आता या कथेची दुसरी बाजू, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या परद्रव्याची. अकबराच्या आबदारखान्यात सोऱ्याने पाणी गार करीत, याचा दाखला ‘आईन-इ-अकबरी’त आहे; आणि बर्फात मीठ घातले की बर्फापेक्षाही अधिक थंडी मिळते ही गोष्ट तर आपल्याकडे उन्हाळ्याच्या सुट्टीत अंगणात आईस्क्रीमचा पॉट फिरवणाऱ्या प्रत्येक पोराला ठाऊक होती. त्या पॉटचा विचार शास्त्रीय दृष्टीने केला तर त्यात मौज आहे. बाहेरच्या लाकडी पिंपात बर्फ आणि खडेमीठ, आतल्या डब्यात दूध आणि साखर. मीठ आणि साखर दोघेही एकच काम करतात, पाण्याचा गोठणबिंदू खाली ओढतात. परंतु बाहेर ते थंडी वाढवण्यासाठी वापरले जाते आणि आत बर्फाचे खडे मोठे होऊ नयेत, जिभेला कच लागू नये, म्हणून. ज्या घरात साखर कमी पडली त्या घरच्या आईस्क्रीममध्ये बर्फाच्या सळ्या दाताखाली येत, आणि मग पाहुण्यांपुढे दुधाला दोष दिला जाई. गोठणाऱ्या पदार्थात थोडे काही विरघळवले असता स्फटिकांचे आकारमान आणि घडण पालटते, हा सारा विषय त्या डब्यात सामावलेला आहे, आणि पुढे जे सांगावयाचे आहे त्यासाठी एवढे उदाहरण पुरेसे आहे.

गोठणबिंदूच्या या उताराचे गणित मांडले चार्ल्स ब्लॅग्डेन यांनी. लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे १७८८ साली आलेल्या त्यांच्या निबंधात निरनिराळे क्षार पाण्यात विरघळवून गोठणबिंदू किती उतरतो याची मोजमापे आहेत, आणि उतार हा क्षाराच्या प्रमाणाशी सम असतो हा निष्कर्ष आहे. पुढे जवळजवळ एका शतकाने फ्रान्सच्या राउल यांनी दाखवले की द्रव्य कोणते यापेक्षा त्याच्या रेणूंची गणती किती, यावर हा उतार ठरतो. हा नियम सुटसुटीत आहे आणि बहुतेक ठिकाणी तो खरा ठरतो. कोठे ठरत नाही ते ओघाने येईलच.

ब्लॅग्डेन यांच्याच काळात एका थोर कुंभाराची आणि बर्फाची गाठ पडली होती, ती हकिकत येथे सांगण्याचा मोह आवरत नाही. स्टॅफर्डशायरचे जोसाया वेजवुड यांनी भट्टीतला प्रखर ताप मोजण्यासाठी १७८२ साली मातीच्या लहान तुकड्यांचे एक तापमापक सिद्ध केले; तापाने तुकडा जितका आकसे तितके अंश. या अंशांचा साध्या पाऱ्याच्या अंशांशी मेळ घालावा म्हणून त्यांनी लाव्हाझिए आणि लाप्लास यांच्या नव्या बर्फयंत्राचा अवलंब करून पाहिला: तापलेला तुकडा बर्फात ठेवावयाचा आणि किती पाणी वितळून खाली येते ते तोलावयाचे. परंतु वितळलेले सगळे पाणी खाली येईना. काही बर्फाच्या चुऱ्यातच अडकून राही; इतकेच नव्हे तर एका ठिकाणी बर्फ वितळत असताना त्याच भांड्यात दुसऱ्या ठिकाणी नवा बर्फ धरत असे. वेजवुड यांनी ही अडचण १७८४ च्या निबंधात प्रांजळपणे नोंदवली आणि त्या यंत्राचा नाद सोडला. बर्फाच्या बारीक फटींत पाणी कसे वागते, हा जो प्रश्न त्यांना बाधला, तोच टेबर यांच्या भिंगांचा प्रश्न आहे. परंतु मातीचा जाणकार आणि बर्फाचा प्रश्न असे दोघे समोरासमोर येऊनही एकमेकांची ओळख न पटता निघून गेले.

मायकेल फॅरडे यांनी १८५० साली दाखवले की वितळू लागलेल्या बर्फाचे दोन खडे एकमेकांस टेकवले की ते जुळून एक होतात. बर्फाच्या पृष्ठभागावर गोठणबिंदूच्या आसपास पाण्याचा एक अतिसूक्ष्म थर शाबूत राहतो, असे त्यांचे म्हणणे होते, आणि ते आज मान्य झाले आहे. या थरावरच पुढची सगळी इमारत उभी आहे. बर्फाच्या स्फटिकात परक्याला जागा जवळजवळ नसते. गोठणरेषा पुढे सरकत आली आणि तिच्या वाटेत एखादा कण आला, तर त्या दोहोंमध्ये हा पाण्याचा थर टिकून राहतो, बर्फ त्यातून वाढतो आणि कणाला आपल्यापुढे लोटीत नेतो. मात्र रेषा फार वेगाने आली तर थरात पाणी भरून येण्यास अवधी मिळत नाही आणि कण बर्फात गाडला जातो. आर्तुरो कोर्ते यांनी अमेरिकन लष्कराच्या शीतप्रदेश प्रयोगशाळेत केलेल्या आणि १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत बर्फाने बारीक कण पुढे लोटले आणि जाड कण मागे टाकले, अशी चाळणीच लागलेली दिसली. आणि उलमन, चामर्स व जॅक्सन या त्रयीने १९६४ साली त्या सीमावेगाची उपपत्ती मांडली. त्यापूर्वी १९०८ साली लोटरमोजर या जर्मन रसायनज्ञाने सिलिकेचे द्रावण गोठवून पाहिले होते, पण त्या कामाला तत्काळ वारस लाभला नाही.

कारखानदारी घोळ गोठवण्याच्या या मार्गाकडे वळली ती झोतविमानांमुळे. अमेरिकेतील क्लीव्हलंड येथील लुईस प्रयोगशाळेत मॅक्सवेल, गर्निक आणि फ्रान्सिस्को यांनी १९५४ साली एक टिपण सादर केले. टर्बाइनची पाती प्रखर तापात टिकावीत म्हणून टायटेनियम कार्बाइडासारख्या दुर्गल भुकटीची घडवावयाची होती. कुंभारी पेशातली नेहमीची रीत अशी की भुकटीचा घोळ प्लास्टरच्या साच्यात ओतावयाचा. प्लास्टर पाणी शोषते आणि कवच धरते. या तिघांनी प्लास्टरला रजा दिली. अगदी घट्ट घोळ साच्यात ओतावा, तो साच्यासकट गोठवावा, आणि दगडासारखा झालेला नग बाहेर काढून पाणी उडवून द्यावे. येथे बर्फाचे काम एवढेच होते की भट्टीपर्यंत आकार धरून ठेवावा. त्याने आपली खूण मागे ठेवू नये, अशीच अपेक्षा होती. स्फटिकाचे ठसे उमटले तर तो मालातला दोष.

या अपेक्षेचे शेवटचे सुबक रूप म्हणजे सोफी आणि डोगान यांचे २००१ सालचे काम. अॅल्युमिनाच्या जलीय घोळात त्यांनी ग्लिसरॉल घातले. ग्लिसरॉलाने पाण्याच्या रेणूंची परस्परांतली साखळी विस्कटते, गोठताना होणारे फुगणे कमी होते, मोठे स्फटिक धरत नाहीत आणि भाजल्यावर नग दाट निघतो. परद्रव्याचा हा निव्वळ बंदोबस्ती उपयोग होता: हिमाने गडबड करू नये म्हणून ठेवलेला पहारेकरी.

आणि त्याच २००१ साली जपानमध्ये नागोया येथे फुकासावा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमकी उलटी भूमिका घेतली. घोळ त्यांनी खालून गोठवला, जेणेकरून बर्फाचे स्फटिक एका दिशेने वर वाढावेत. मग कमी दाबाखाली त्या बर्फाची वितळू न देता थेट वाफ केली. आणि उरलेला सांगाडा भट्टीत भाजला. स्फटिक जेथे होते तेथे सरळ उभ्या पोकळ्या राहिल्या. जो दोष होता तोच आता माल ठरला. मला हा पालट या साऱ्या इतिहासातला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि तो कोणत्याही नव्या यंत्राने घडला नाही, केवळ पाहण्याची दिशा बदलल्याने घडला. पाच वर्षांनी, २००६ मध्ये, कॅलिफोर्नियातील बर्कली येथे सिल्व्हँ डेव्हिल, एदुआर्दो साइस, रवी नल्ला आणि अँटोनी टॉमसिया यांनी याच रीतीने शिंपल्याच्या अंतर्भागासारखी थरदार रचना घडवून ती ‘सायन्स’ नियतकालिकात मांडली. बर्फाचा स्फटिक आपल्या पातळ अंगापेक्षा पसरट अंगाने शेकडो पटींनी वेगाने वाढतो, म्हणून तो आपोआप पत्र्यांच्या रूपाने वर चढतो, आणि कण त्या पत्र्यांच्या मध्ये दाटून भिंती होतात. वेग वाढवला की पत्रे बारीक होतात, भिंतीही बारीक होतात. याच गटाने २००८ साली अॅल्युमिनाच्या अशा सांगाड्यात पर्स्पेक्सच्या जातीचे प्लॅस्टिक भरून जो पदार्थ सिद्ध केला, त्याचा चिवटपणा, ऊर्जेच्या हिशेबाने, मूळ घटकांच्या ३०० पटींहून अधिक भरला. मोत्याच्या शिंपल्याची ही कारागिरी ठिसूळ मालाला कशी चिवट करते हा स्वतंत्र विषय आहे. त्यात येथे शिरत नाही.

शिंपल्याच्या थरांत मात्र एक गोष्ट असते जी निव्वळ पाणी आणि भुकटी यांच्या घोळातून पुरेशी उतरत नाही: पापुद्र्यांच्या पृष्ठभागांवर खडबड असते आणि दोन पापुद्र्यांना जोडणारे बारीक पूल असतात. गुळगुळीत भिंती एकमेकींवरून घसरतात. खडबडीत भिंती आणि पूल ती घसरण रोखून धरतात. हे साधण्यासाठी परद्रव्यांना पुन्हा पाचारण झाले, आणि या वेळी पहारेकरी म्हणून नव्हे, शिल्पकाराचे मदतनीस म्हणून. मंच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली साखर, मीठ, मद्यार्क, ग्लिसरॉल असे जिन्नस घालून पोकळ्यांची घडण कशी पालटते ते पद्धतशीरपणे पाहिले. एखादे द्रव्य पाण्यात विरघळले असले, तरी बर्फ त्यालाही आत घेत नाही. ते गोठणरेषेच्या तोंडाशी साचते. तेथे गोठणबिंदू खाली जातो, परंतु थोडे पुढे, जेथे द्रव्य विरळ आहे, तेथे पाणी आपल्या गोठणबिंदूच्याही खाली थंड झालेले असूनही द्रवच राहते. अशा वेळी रेषेतला एखादा उंचवटा जरा पुढे गेला की त्याला हे अतिशीत पाणी लाभते, तो अधिक वेगाने वाढतो, त्याला बाजूने फांद्या फुटतात. या फांद्यांचे ठसे म्हणजेच भिंतींवरची खडबड. साखरेने ही खडबड आणि पूल दोन्ही वाढवता येतात, शिवाय घोळ दाट होतो आणि कणांची हालचाल मंदावते.

मिठाची कैफियत निराळी आहे. त्याचे शेवटचे खारे पाणी शून्याखाली सुमारे २१ अंशांपर्यंत गोठत नाही, त्यामुळे बर्फाच्या पत्र्यांच्या मध्ये ते बराच वेळ द्रवरूपात टिकून राहते. समुद्रावरच्या बर्फात खाऱ्या पाण्याच्या ज्या नाळी सापडतात त्या याच कारणाने. परंतु घोळातले कण एकमेकांपासून दूर राहतात ते त्यांच्यावरच्या सजातीय विद्युत्भारामुळे, आणि मीठ त्या भाराचा प्रभाव झाकून टाकते. प्रमाण थोडे चुकले की कण एकमेकांना बिलगतात, गुठळ्या होतात, घोळ दह्यासारखा विरजतो. म्हणजे बर्फ घडवण्यासाठी घातलेला जिन्नस गोठण्यापूर्वीच माती बिघडवून बसतो. समुद्राला मिळणाऱ्या नदीचा गाळ खाडीच्या मुखाशी खाऱ्या पाण्यात खाली बसतो, त्याच्या मुळाशीही हेच आहे. वेंगुर्ल्यापासून डहाणूपर्यंत आमची सारी किनारपट्टी त्याची साक्ष देईल.

जपानमध्ये फुकुशिमा आणि त्यांचे सहकारी यांनी जिलेटिनाचा अवलंब केला, तेव्हा पत्र्यांऐवजी मधमाशांच्या पोळ्याप्रमाणे उभी नळ्यांसारखी छिद्रे मिळाली. घोळ आधी थरथरीत लगदा होतो, कण जागीच राहतात, बर्फाला त्यांना लांब लोटता येत नाही. गाळणीसाठी अशी सरळ छिद्रे फार सोयीची.

या सर्वांत विलक्षण वृत्तांत झिर्कोनियम अॅसिटेट नावाच्या क्षाराचा आहे. परंतु तो कळण्यासाठी आधी अंटार्क्टिकाला जावे लागते. तेथल्या समुद्राचे पाणी शून्याखाली सुमारे १.९ अंशावर असते. माशाच्या रक्तातले क्षार ब्लॅग्डेन-राउल नियमाने मोजले तर ते रक्त त्याआधीच गोठावयास हवे, आणि तरीही मासे तेथे सुखाने नांदतात. आर्थर डेव्हरीज यांनी १९६९ साली वोल्श्लाग यांच्यासह याचे कारण उजेडात आणले. त्या रक्तात शर्करायुक्त प्रथिने आहेत, आणि ती गणतीने नव्हे, चिकटण्याने काम करतात. बर्फाचा एखादा सूक्ष्म कण धरला की ती त्याच्या ठरावीक पृष्ठभागांवर जाऊन बसतात आणि त्या पृष्ठभागांची वाढ अडवतात. रेणूंच्या संख्येवरून जो उतार यावा त्याच्या शेकडो पटींनी उतार येतो; शिवाय जो बर्फ अखेर वाढतो तो कोनदार, पैलूदार आकारांचा असतो. राउलचा सुटसुटीत नियम येथे थांबतो.

डेव्हिल हे पुढे फ्रान्समध्ये गेले, आणि तेथे त्यांच्या गटाने झिर्कोनियम अॅसिटेट मिसळून झिर्कोनियाचे घोळ गोठवले असता जी छिद्रे मिळाली ती पाहून कोणालाही माशांची आठवण व्हावी. पत्रे नाहीत, फांद्या नाहीत. जवळजवळ षट्कोनी, धारदार कडांची, भिंती गुळगुळीत असलेली उभी छिद्रे, मधाच्या पोळ्यासारखी एकसारखी रांगेने उभी. हा क्षार जैव पदार्थ नाही, प्रथिनाशी त्याचे नाते नाही, तरी तो बर्फाच्या पृष्ठभागांशी तसाच व्यवहार करतो, असा निष्कर्ष २०११ साली त्यांनी प्रसिद्ध केला. मात्र घोळाची आम्लता ठरावीक पट्ट्यात असली तरच. ती पालटली की षट्कोन मोडतात आणि पुन्हा नेहमीचे पत्रे येतात. एका चुटकीसरशी पोकळीचा आकार पालटणारे दुसरे परद्रव्य या क्षेत्रात क्वचितच आढळेल.

येथवर ज्या जिन्नसांचा उल्लेख झाला ते सारे बर्फावर परिणाम व्हावा म्हणून मुद्दाम घातलेले होते. परंतु सिरॅमिकच्या प्रत्येक घोळात दोन जिन्नस असे असतात की त्यांना परद्रव्य म्हणावे असे कोणाच्या मनात येत नसे. एक, कण परस्परांपासून सुटे राखणारे विखुरक द्रव्य, बहुधा अॅक्रिलिक जातीच्या आम्लाचा अमोनियम क्षार. दुसरा, बर्फ उडून गेल्यावर सांगाडा भट्टीपर्यंत ढासळू नये म्हणून घातलेला गोंद, बहुधा पॉलिव्हिनाइल अल्कोहोल. पहिल्याचे काम गोठण्यापूर्वी संपते आणि दुसऱ्याचे बर्फ गेल्यावर सुरू होते, अशी समजूत होती, आणि त्यामुळे पाककृतीत त्यांची नोंद एका ओळीत उरकली जाई.

ग्रेनोबल येथील क्ष-किरणांच्या प्रचंड यंत्रावर घोळ गोठत असतानाच त्याची छायाचित्रे घेतली जाऊ लागली, तेव्हा या समजुतीची रुजुवात झाली. डेव्हिल यांच्या २००९ सालच्या ‘नेचर मटेरिअल्स’मधील निबंधात आणि पुढे लासाल यांच्यासह २०१२ साली केलेल्या कामात असे दिसले की बर्फाचे पत्रे सरळ वर चढत असताना मध्येच गोठणरेषा डळमळते आणि पत्र्यांना आडवा छेदणारा निर्मळ बर्फाचा एक थर धरतो, तो उडून गेल्यावर नगात आडवी भेग राहते आणि मजबुतीचे वाटोळे होते. हा आडवा थर म्हणजे टेबर यांची भिंगेच. कौलांच्या मातीत जी माणसाच्या फायद्याची होती ती प्रयोगशाळेच्या नगात दोष म्हणून पुन्हा हजर झाली. आणि त्यांच्या धरण्याशी विखुरक द्रव्याच्या प्रमाणाचा संबंध निघाला. कणांना जेवढे चिकटावयाचे तेवढे चिकटल्यावर जे उरते ते पाण्यात मोकळे फिरते, गोठणरेषेपुढे साचते, आणि साखर किंवा मीठ जे करते तेच, कोणी न सांगता, करू लागते. त्याचबरोबर कणांच्या परस्परांपासून दूर राहण्याची ताकदही त्याच द्रव्यावर अवलंबून असल्याने दाटलेल्या भिंतींतून पाणी किती सहज वाहील हेही त्यानेच ठरते.

गोंदाचेही तसेच. जपानमधील इनादा आणि लू यांनी २००३ साली, सिरॅमिकशी काहीही संबंध नसलेल्या एका अभ्यासात, पॉलिव्हिनाइल अल्कोहोल बर्फाच्या पृष्ठभागाला चिकटते आणि लहान स्फटिकांना मोठ्यांत विलीन होऊ देत नाही, हे दाखवून दिले होते. माशांच्या प्रथिनांचे हे सौम्य रूपच म्हणावयाचे. तेव्हा भट्टीपर्यंतच्या आधारासाठी घातलेला तो गोंद बर्फ असतानाच त्याच्या घडणीत हात घालीत होता, आणि ज्या निबंधांत अॅल्युमिनाच्या दोन नगांच्या पोकळ्या वेगळ्या आल्याचे खापर केवळ थंडीच्या वेगावर फोडले आहे, तेथे विखुरक किती आणि गोंद किती, कोणत्या लांबीच्या रेणूंचा, ही आकडेवारी परत मागवून पाहिल्याशिवाय ती तुलना ग्राह्य धरता येत नाही.